कोरडी बट्टी

माणूस दारातून आत आला की मी आधी त्याचे बूट बघतो. मग मनगट, मग तो बायकोशी कसा बोलतो ते. चेहरा सगळ्यात शेवटी. ही सवय चांगली नाही हे मला कळतं, पण पोटासाठी लावून घेतलेली सवय पोट भरलं म्हणून सुटत नाही. कमावती वर्षं मी हॉटेलांत वाढपी म्हणून काढली. वेटर म्हणा, स्टुअर्ड म्हणा, जहाजावर तर आणखी मोठं नाव होतं. काम एकच. दुसऱ्याच्या पुढ्यात ताट ठेवायचं आणि तो वर बघेपर्यंत हसत राहायचं.

आमचं गाव कोरीट. घरी कापूस, मिरची, थोडा गहू. आम्ही दोघं भाऊ आणि शेत एकालाच पुरेल एवढं. थोरला म्हणून मी राहायला हवं होतं, पण माझं डोकं तापट. आबांचं, म्हणजे वडिलांचं, माझ्याहून तापट. एका पेरणीला आम्ही बांधावरच भांडलो आणि मी नंदुरबारला येऊन सुरतच्या गाडीत बसलो. कशावरून भांडलो ते आता दोघांनाही आठवत नाही, पण विषय निघाला की आबा अजून तावातावानं माझीच चूक होती असं सांगतात.

सुरतला स्टेशनजवळच्या हॉटेलात लागलो. तिथं बिलासोबत बडीशेपेची बशी जायची आणि गिऱ्हाईक उठलं की त्या बशीत काहीतरी असायचं किंवा नसायचं. काही असलं की आम्ही सलाम ठोकायचो आणि काही नसलं की टेबल जरा जोरात पुसायचो. तिथून कोणाच्या तरी ओळखीनं मुंबईच्या एजंटकडे गेलो, आणि तिथून थेट प्रवासी जहाजावर. तापीचा पूर सोडला तर तोवर मी पाणी म्हणून काही बघितलं नव्हतं. पहिले काही दिवस ओकण्यातच गेले.

जहाजावरचा आमचा मुख्य वाढपी गोव्याकडचा होता. त्यानं मला माणूस वाचायला शिकवलं. कोण दोन घासांत खूश होतो, कोण कशावरही खूश होणार नाही, कोण शेवटच्या दिवशी पाकीट देईल आणि कोण नुसता खांद्यावर हात ठेवून 'तू फार चांगला मुलगा आहेस' म्हणेल, हे पहिल्या जेवणातच कळलं पाहिजे, असं तो म्हणायचा. आपल्याला हात दोनच आणि टेबलं खूप, मग हात कुठे आधी न्यायचे ते डोळ्यानं ठरवायचं. मी चटकन शिकलो. इतका की पुढे ठरवावंही लागेना. ज्या टेबलावर काही मिळणार नाही त्या टेबलावरून नजर आपोआप घसरायची. तिथे पाणी जायचं, ताट जायचं, पण मी जायचो नाही.

देशोदेशीच्या तऱ्हा बघितल्या. अमेरिकेच्या बंदरांत टिप म्हणजे बक्षीस नव्हे, वाढणाऱ्याचा निम्माशिम्मा पगारच. मालक थोडं देतो आणि उरलेलं गिऱ्हाईकावर सोपवतो. म्हणून तिथली वाढणारी बाई टेबलाशी येऊन आधी स्वतःचं नाव सांगते, तुमचा दिवस कसा गेला विचारते, आणि तुम्ही खरंच सांगायला लागलात तर तिची नजर शेजारच्या टेबलावर जाते. मी त्या बाईला मनातल्या मनात दाद द्यायचो. आमचीच जात ती. इटलीत एका खाणावळीत नुसतं बसायचे पैसे लावले. बिलावरची ती ओळ बघून मी भांडायच्या तयारीत होतो, पण वाढणाऱ्या म्हाताऱ्याला माझ्या रागाचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यानं गरम ताट आणून ठेवलं होतं, हसला नव्हता, आणि आताही हसत नव्हता. मला त्याचा आधी राग आला आणि मग हेवा वाटला. त्याला पगार पुरत असावा. तोंड त्याचं स्वतःचं होतं.

जपानमध्ये एका शेवयांच्या दुकानात जेवून आम्ही टेबलावर नाणी ठेवून निघालो, तर दुकानातली बाई रस्त्यावर धावत आली. दोन्ही हातांनी नाणी परत दिली आणि कमरेत वाकली. मी विसरलो असं तिला वाटलं होतं. सोबतचे हसले, मीही हसलो, पण कान तापले होते. तिनं रांधलं होतं, वाढलं होतं, मी पैसे दिले होते. त्यावर आणखी काय द्यायला निघालो होतो मी, आणि कशाबद्दल? तो प्रश्न तेव्हा मी फार वेळ डोक्यात ठेवला नाही.

आपल्या लोकांच्या टेबलाला मी टाळायचो हेही सांगून टाकतो. एकदा नाशिककडचं एक कुटुंब आलं. मी मराठी बोललो तर त्यांना केवढा आनंद झाला. मग रोज लोणचं, रोज दही, रोज 'अहो, आपल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं'. शेवटच्या दिवशी त्यांनी माझ्यासोबत फोटो काढला, नंबर घेतला, मुलांना पाया पडायला लावलं आणि निघाले. पाकीट नव्हतं. मुलं पाया पडली त्याचं मला काहीच वाटलं नाही, पाकिटाचं मात्र फार वाटलं. त्यानंतर भारतीय टेबलं मी एका फिलिपिनो सोबत्याकडे ढकलायला लागलो आणि कोणी मराठीत बोलताना ऐकू आलं की इंग्रजीत बोलायचो.

आणखी एक गोष्ट तिथे शिकलो. ज्या टेबलावर सगळ्यात जास्त अपमान व्हायचा तिथं टिप मोठी पडायची. बोटं वाजवणारा, सूप थंड आहे म्हणून चारचौघांत झापणारा माणूस जाताना हातात घडी केलेली नोट कोंबायचा आणि नजर दुसरीकडे वळवायचा. आम्ही आपसांत हसायचो. 'साहेबानं माफी मागितली,' असं म्हणायचो. ती नोट मी कधी नाकारली नाही.

मग एका साथीच्या काळात जहाजं जागच्या जागी उभी राहिली. मी घरी आलो आणि घरीच राहिलो. बायकोनं आणि मुलीनं मला इतकी वर्षं सुट्टीपुरतंच बघितलं होतं. मी रोज दिसायला लागलो याची त्यांना सवय व्हायला वेळ लागला. भावानं शेतात वाटा दिला, मी मिरचीचं बघायला लागलो. नंदुरबारबाहेरच्या पथारीवर, म्हणजे जिथे मिरची वाळत घालतात त्या माळावर, ठसकत, शिंकत दिवस जायचे.

तिथेच तो असायचा. मोलगीकडचा. दर वर्षी दिवाळीनंतर बायकोला घेऊन डोंगरातून उतरायचा, आमच्या शेतावरच्या खोलीत राहायचा, कापूस वेचायचा, मिरचीची देठं खुडायचा आणि होळीला परत वर जायचा. मी शाळेत होतो तेव्हापासून तो येतो. घरी पावरी, म्हणजे डोंगरातली बोली, बोलायचा, आमच्याशी थांबत थांबत अहिराणी. वयानं आबांहून थोडाच लहान, पण मी त्याला 'अरे' म्हणायचो आणि तो मला 'भाऊ'. आमच्याकडे तसंच चालत आलंय. जगातल्या सगळ्या देशांच्या माणसांना मी 'सर' म्हणून आलो होतो, तरी हे बदलावं असं माझ्या मनात आलं नाही.

आता आबांचं सांगतो, कारण सगळं त्यांच्यावरच येऊन थांबतं. कोरीटला लग्नाची पंगत आबा उभी करायचे. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी केलं, मग त्यांनी केलं. लग्न कोणाच्याही घरचं असो, आबा खांद्यावर टॉवेल टाकून हजर. आमच्याकडे लग्नात वरण-बट्टी, म्हणजे वरण आणि उकडून तळलेले कणकेचे गोळे, असते, सोबत घोटलेली वांग्याची भाजी आणि शिरा. रांग बसली की आधी मीठ, मग भाजी, मग कुस्करायला बट्टी, मग वरण, आणि सगळ्यात शेवटी तूप. तूप आबा स्वतः वाढायचे. शेवटच्या पानावर तूप पडलं की आबा मोठ्यानं म्हणायचे, "व्हऊ द्या सुरू," आणि मग पहिला घास. त्याआधी कोणी बोट चाटलं तरी आबा त्याच्या अंगावर ओरडायचे, मग तो जावई का असेना. एका जावयाला त्यांनी असं झापलं होतं की तो रुसून गाडीत जाऊन बसला. आबांनी त्याच्यासाठी रांग थांबवली नाही.

डोंगरातली मजूर माणसं तेव्हा या रांगेत नसायची. मंडपामागे, सगळ्यांचं झाल्यावर, त्यांच्या त्यांच्या भांड्यांत. माझ्या लग्नात आबांनी मोलगीच्या त्या माणसाला हात धरून रांगेत आणून बसवलं. दोघं-चौघं पानावरून उठले. आबांनी त्यांची पानं उचलायला लावली आणि उरलेल्यांना सरकून बसा म्हटलं. पुढे ते उठलेलेही हळूहळू बसायला लागले. आबा काही संतमहात्मा नाहीत. मजुरी इतर देतात तेवढीच देतात आणि एक दिवस खाडा झाला तर बोलतातही. पण पंगतीत बसलेला माणूस हा पंगतीतला माणूस, एवढं त्यांनी धरलं होतं आणि सोडलं नव्हतं.

गेल्या वर्षी माघात पुतणीचं लग्न ठरलं. गावात तोवर केटरर शिरला होता. बऱ्याच घरी रांगेनं ताट घेऊन उभं राहायची पद्धत आली होती. भाऊसुद्धा तेच म्हणत होता. आबा ऐकेनात. त्यांचे गुडघे गेले होते, डोळ्यांना कमी दिसत होतं, पण घरची पंगत भाड्याच्या माणसाच्या हातात द्यायला ते तयार नव्हते. एका दुपारी त्यांनी मला ओट्यावर बोलावलं.

"जगले वाढी वाढी ऊना तू," ते म्हणाले. "आते गावले वाढ. मन्हा डोया काम देतस नही."

मी म्हटलं, "आबा, त्यात काय एवढं!"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटत होतं मी मोठेपणा मिरवतोय आणि ते खरंही होतं. पण आतून ते खूश होते. पोरगा भांडून गेला, नको ते काम करायला गेला, असं ते वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले होते. आता तेच काम घेऊन पोरगा त्यांच्या जागेवर उभा राहणार होता. लग्नाच्या आधीचे दिवस ते गावात भेटेल त्याला सांगत सुटले, औंदा तूप मन्हा पोऱ्या वाढी. मला ते ऐकून हसू यायचं. पांढरे हातमोजे घालून चांदीच्या पळीनं वाढत आलेला माणूस मी. बट्टीवर तूप ओतायला कसली परीक्षा?

लग्नाला मोलगीचा माणूस बायकोसह आला. पथारीवरून सरळ, पण धुतलेलं धोतर नेसून. आहेर म्हणून आमचुराची मोठी पुरचुंडी आणली होती. त्याच्या घरच्या आंब्यांची, त्याच्या बायकोनं चिरून वाळवलेली. आचाऱ्यानं ती वरणात टाकली. वरणाला छान आंबटपणा आला असं जो तो म्हणत होता.

पुरुषांची पहिली पंगत बसली. आबा रांगेच्या टोकाला खुर्ची टाकून बसले होते, टॉवेल खांद्यावर होताच. मीठ झालं, भाजी झाली, बट्टी झाली, वरण फिरलं. मी तुपाची केटली घेऊन निघालो. मला मजा येत होती. वाकायचं कसं, थेंब न सांडता धार तोडायची कशी, समोरच्याला आग्रहानं 'आखो ल्या ना' कसं म्हणायचं, सगळं हातात बसलेलं. लोक कौतुकानं बघत होते. कोणी तरी म्हणालं, "जहाजवाला शे भो!"

रांगेच्या मध्यावर पोचलो तेव्हा केटलीत तूप थोडं राहिलं होतं. पुढचं पान मोलगीच्या माणसाचं. त्याच्या पलीकडे वराकडचा एक ठेकेदार बसला होता. बोटात जाड अंगठी, मनगटात कडं, अत्तराचा वास. मी मोलगीवाल्याच्या पानापुढून पुढं सरकलो आणि उरलेलं तूप ठेकेदाराच्या बट्टीवर ओतलं. "ल्या, आखो ल्या," असा आग्रह करून ओतलं. तो खूश झाला. मी हसलो. मग केटली भरून आणली आणि ठेकेदाराच्या पुढच्या पानापासून सुरुवात केली.

परत येऊन त्याला वाढू असं तेव्हा मनात होतं, असं मी लोकांना सांगत आलोय. ते खोटं आहे. मनात काहीच नव्हतं. तो माणूस मला दिसलाच नव्हता. बूट नसलेले पाय, भेगाळलेल्या टाचा, मिरचीनं लाल झालेली नखं, एवढं डोळ्यानं टिपलं आणि हाताला सांगितलं, पुढे चल. मला विचारलंही नाही.

शेवटच्या पानावर तूप वाढून मी ताठ उभा राहिलो आणि आबांच्या आवाजात म्हणालो, "व्हऊ द्या सुरू!"

रांग जेवायला लागली. वरण ओरपल्याचे आवाज यायला लागले. मी आबांकडे बघितलं, शाबासकीच्या अपेक्षेनं. आबा खुर्चीतून उठत होते. गुडघ्यावर हात ठेवून उठले, मागच्या पातेल्यातून दुसरी केटली भरली आणि रांगेतून चालायला लागले. ज्यांच्या डोळ्यांना कमी दिसतं म्हणून मी उभा होतो, ते आबा मोलगीच्या माणसासमोर येऊन थांबले. त्याच्या पानावर बट्टी कुस्करलेली होती, वरण होतं, आणि वर काही नव्हतं. तो जेवत नव्हता. हात मांडीवर ठेवून बसला होता.

"थांबा सर्वा," आबा म्हणाले.

सगळी रांग थांबली. कोणाचा घास तोंडात, कोणाचा हात वरणात. आबा वाकले, वाकताना कण्हले, आणि तूप ओतायला लागले. निम्मं पानावर पडलं, निम्मं त्याच्या धुतलेल्या धोतरावर.

"ऱ्हाऊ द्या आबा, चालस," तो हळूच म्हणाला.

"नही चालस," आबा म्हणाले. मग सरळ होऊन त्यांनी रांगेकडे बघितलं. "व्हऊ द्या आते."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी रिकामी केटली धरून मधोमध उभा होतो. ठेकेदारानं मान खाली घालून खायला सुरुवात केली. जहाजावर मी कितीकांच्या शिव्या खाल्ल्यात, ताट अंगावर आलंय, कधी मान खाली गेली नाही. त्या दिवशी मंडपातून बाहेर जायला मला वाट सापडेना.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण जेवणं उरकल्यावर मोलगीचा माणूस हात धुवायला पाण्याच्या टाकीकडे गेला आणि मी त्याच्या मागे गेलो. काहीतरी बोलायचं होतं. चुकलो, म्हणायचं होतं. तो वळला. हात मात्र खिशात गेला. पाचशेची नोट घडी करून मी त्याच्या ओल्या हातात कोंबली आणि नजर दुसरीकडे वळवली.

"भाऊ, हाई कसानं?" त्यानं विचारलं.

"ठेव. चहापाण्याले."

त्यानं नोट उलटीसुलटी केली, कमरेला खोचली आणि गेला. माझी बायको पलीकडे भांड्यांपाशी उभी होती, तिनं बघितलं होतं. ती जवळ आली. "तुम्ही त्याले टिप दिन्ही का?" एवढंच तिनं विचारलं. तिचं सगळं आयुष्य मी पाठवलेल्या टिपेवर चाललं होतं, तो शब्द तिला चांगला माहीत होता. मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही.

आबा त्या दिवशी काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, निवळलं. होळी जवळ आली. डोंगरात होळीसारखा दुसरा सण नाही, त्यामुळे तिथली माणसं या दिवसांत हिशेब आटोपून घाईनं वर जातात. मोलगीचा माणूस बायकोसह आमच्या ओट्यावर आला. आबा पैसे मोजायला बसले, मी बाजूला होतो.

"आबा, भाऊनी उचल शे मन्हावर," तो म्हणाला. "लगीनमा लिन्ही व्हती मी. ती कापी ल्या."

आबांनी माझ्याकडे बघितलं. "कसानी उचल?"

उचल म्हणजे मजुरीतून आगाऊ घेतलेले पैसे. आमच्या घरातून त्या माणसाच्या हातात इतक्या वर्षांत जो पैसा गेला तो मजुरी म्हणून किंवा उचल म्हणून. तिसऱ्या तऱ्हेचा पैसा त्याला आमच्याकडून कधी मिळालाच नव्हता, मग ही नोट तरी वेगळी कशी असेल? ती त्यानं आठवण ठेवून परत करायला आणली होती, आणि त्यात त्याला काही मोठं करतोय असंही वाटत नव्हतं.

"उचल नही ती, आबा," मी म्हणालो.

"मंग काय शे?"

"अशीच दिन्ही."

"अशीच कसानी?"

आबांनी पूर्ण मजुरी त्याच्या हातात ठेवली, कापलं काही नाही, होळीसाठी गूळ-डाळ दिली, त्याला वाटेला लावलं. मग माझ्याकडे वळले. मला वाटलं आता पेरणीच्या वेळचं भांडण पुन्हा होणार. मी खरं तर त्याची वाटच बघत होतो. पण आबांचा आवाज चढला नाही.

"तूप इसरना ते इसरना. व्हई जास," ते म्हणाले. "पन पंगतमा बठेल मानूसले कोनी पैसा देस का?"

जपानमधली ती बाई मला तेव्हा आठवली. दोन्ही हातांनी नाणी परत देणारी. तिला विसरायला मला किती सोपं गेलं होतं.

त्यानंतर आबांनी कोणाच्याही लग्नाला टॉवेल घेतला नाही. बोलावणं आलं की गुडघ्याचं कारण सांगायचे. लोक म्हणायचे, थोरल्याला पाठवा, तर आबा विषय बदलायचे. माझ्या जागी दुसरा कोणी त्यांनी उभा केला नाही. माझं नाव कुठे काढलं नाही, की तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर मी तरी काही बोललो असतो.

यंदा माझ्या मुलीचं लग्न झालं. ठरल्यावर मी आबांकडे गेलो. भीत भीत गेलो, हे माझ्या वयाला शोभत नाही पण खरं आहे. मनात होतं की ते म्हणतील, केटली घे, आता नीट वाढ. मी त्याची तयारी केली होती. खोटं कशाला बोलू, घरी कोणी नसताना रिकामी भांडी ओळीनं मांडून, वर न बघता, पानामागून पान वाढायचा सराव केला होता. चांदीच्या पळीनं वाढत आलेला माणूस मी.

आबांनी ऐकून घेतलं. "केटरर बलाई ले," ते म्हणाले.

"आबा, पंगतच बसवू ना. मी वाढसू."

"केटरर बलाई ले. त्यास्ले पह्यलेच सांगी ठेव, तूप सर्वास्ले सारखं."

ज्या माणसानं केटररला घरात पाऊल ठेवू दिलं नव्हतं त्यानं असं म्हटलं. गावातल्या किती पोरींच्या लग्नात आबा टॉवेल टाकून उभे राहिले असतील, आणि नातीच्या लग्नात ते मंडपाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मुलीनं विचारलंही, आजोबा का बसलेत असे? मी म्हणालो, गुडघे. मुलीला मी खरं सांगू शकलो नाही.

लोक ताट घेऊन रांगेत उभे होते. टेबलामागे हातमोजे आणि कागदी टोपी घातलेला केटररचा माणूस प्रत्येकाच्या बट्टीवर एकेक पळी तूप घालत होता. वर बघत नव्हता. ठेकेदाराला एक पळी, सरपंचाला एक पळी, शेजारच्या म्हातारीला एक पळी. त्याला टिप मिळणार नव्हती हे त्याला ठाऊक होतं, किंवा त्याला कोणी बूट बघायला शिकवलं नव्हतं. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. पाहुण्यांना वाटलं मी व्यवस्था बघतोय.

मोलगीचा माणूस आला होता. तो येणार नाही असं मला वर्षभर वाटत होतं, आणि खरं सांगतो, त्यानं येऊ नये असंही वाटत होतं. पण हंगाम सुरू झाला तसा तो खाली आला होता. न येणं त्याला परवडणारं नव्हतं. या वेळीही त्यानं आमचुराची पुरचुंडी आणली होती. तो आणि त्याची बायको ताटं घेऊन रांगेतून पुढं सरकले, दोघांच्या ताटात तूप पडलं, मी डोळ्यांनी बघितलं. मग ती दोघं मंडपाच्या पार दुसऱ्या टोकाला, खांबापाशी जमिनीवर बसून जेवायला लागली. खुर्च्या रिकाम्या होत्या. मी जाऊन त्यांना खुर्चीवर बसा म्हणणार होतो, पण या वेळी तरी हात खिशात जाणार नाही याची मला खात्री वाटेना.

मी आबांचं ताट वाढून घेतलं. बट्टी मीच कुस्करली, वरण ओतलं, वर तूप घातलं, आणि ताट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते मांडीवर धरलं. खायला सुरुवात केली नाही. त्यांची नजर मंडपात फिरत होती, पण तेवढ्या लांबचं आता त्यांना दिसत नाही.

"त्यास्नं जेवण व्हयनं का?" त्यांनी विचारलं. कोणाचं, ते मला विचारावं लागलं नाही.

"बठेल शेतस. जेवी ऱ्हायनात."

"तूप?"

"शे, आबा. दोन्हीस्ले. मी देखं."

आबांनी मान हलवली. मग ताट शेजारच्या खुर्चीवर ठेवलं, काठी घेतली आणि स्वतः बघायला गेले.